पहिल्या गाडीतला माणूस



पाडवा झाला, गहू घरात आला, हरभऱ्याचे भूस भरून झाले आणि आता जो तो नांगरटीच्या मागे लागला आहे. मागच्या आठवड्यात मी कबूल केले होते, की या खेपेला उन्हाळी नांगरट आणि हुमणीचा बंदोबस्त यावर लिहीन. ते लिहिणारच आहे, पण एक आठवडा थांबा. आज जरा वेगळे सांगायचे आहे, आणि गंमत म्हणजे तेही नांगरटीवरूनच निघाले आहे.

झाले असे. शिरूर तालुक्यातल्या एका गावी माझी बैठक होती. देवळापुढच्या चिंचेखाली पंचवीस-तीस मंडळी जमली होती, आठ-दहा बायाही होत्या. बोलणे ट्रॅक्टरच्या नंबरावर आले. सगळ्या गावाला एकाच वेळी नांगरट हवी, मग ट्रॅक्टरवाले तरी काय करणार! तेवढ्यात मागून एक बाई म्हणाल्या, "साहेब, माझी तीन एकराची पट्टी अजून तशीच पडलीय. रोज उद्या येतो म्हणतात. घरात गडीमाणूस नाही."

गाव त्यांना आक्का म्हणते. मालक चार वर्षांपूर्वी वारले. मी विचारले, "मुलगा कुठे असतो?"

"मिलिट्रीत आहे. काश्मीरकडं. गाडीवर."

त्यावर पुढे बसलेला एक जण पटकन बोलून गेला, "लढाईत नाही हो साहेब. ड्रायव्हर आहे. पोती वाहतो तिकडं."

लोक हसले. बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हते, हेही मी जाणतो. पण आक्कांनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले आणि हळूच म्हणाल्या, "हो, गाडीच चालवतो." पुढे त्या बैठक संपेपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत.

मी तेव्हाच काहीतरी बोलायला हवे होते. बोललो नाही. नांगर किती खोल घालावा ते सांगितले, वहीवर सह्या घेतल्या आणि मोटारसायकलला किक मारली. पण घरी येईपर्यंत ते वाक्य पायात मोडलेल्या काट्यासारखे सलत राहिले. त्या दिवशी द्यायचे उत्तर आज देतो. आक्कांना देतोच, पण ज्यांच्या ज्यांच्या घरचा मुलगा सैन्यात "गाडीवर" आहे त्या सगळ्यांना देतो.

मंडळी, पोती वाहणे ही लहान गोष्ट आहे का, ते आपल्या मराठी माणसाला दुसऱ्या कोणी सांगायला नको. पानिपताचे नाव काढले की अजून आपला आवाज खाली येतो. १४ जानेवारी १७६१ रोजी तिथे काय झाले ते पोराबाळांनाही ठाऊक आहे. पण त्या दिवसाच्या आधीचे अडीच महिने आठवा. आपल्या सैन्याभोवतीच्या वाटा एकेक करून बंद होत गेल्या. रसद गोळा करून शत्रूची रसद तोडायची कामगिरी ज्यांच्यावर होती, ते गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले. त्यानंतर छावणीत ना माणसाला दाणा, ना घोड्याला वैरण. शेवटच्या दिवशी आपली माणसे लढायला निघाली ती उपाशी पोटी. तलवारीला गंज चढला नव्हता, मनगटातला जोरही सरला नव्हता. पण वाट तुटली होती. शेतकऱ्याला हे लगेच कळेल. पीक उभे असते, आणि ऐन फुलोऱ्यात पाण्याची एक पाळी चुकते. मग बियाणे कितीही चांगले असो, दाणा भरत नाही.

आता आपल्या काळात येऊ, आणि पुण्यातच येऊ.

पुण्याला गेलात तर शिवाजीनगरहून मुंबईच्या रस्त्याला लागल्यावर थोड्याच वेळात खडकी लागते. मी शेतकी कॉलेजात शिकत होतो तेव्हा सायकलवरून कितीदा तरी तिकडे गेलो असेन. तिथे लष्कराचे मोठे ठाणे आहे. त्यात बॉम्बे सॅपर्स नावाच्या पलटणींचे केंद्र आहे. आपल्याकडची मराठा मुले पिढ्यान् पिढ्या तिथे भरती होत आली आहेत. सॅपर म्हणजे सैन्यातला वाट करणारा माणूस. नदी आडवी आली तर पूल बांधायचा, दरड कोसळली तर उपसायची, आणि शत्रूने रस्त्यात सुरुंग पुरून ठेवले असतील तर ते शोधून काढायचे. बाकीची फौज आणि मागची रसद त्याने केलेल्या वाटेने जाते. त्याच्या पुढे मात्र कोणी नसते.

या खडकीच्या दोन माणसांची हकीकत सांगतो. दोघेही १९१८ साली जन्मलेले.

पहिले प्रेमिंद्रसिंग भगत. दुसऱ्या महायुद्धात सॅपर्सची एक तुकडी आफ्रिकेत गेली होती. तिच्यात हे सेकंड लेफ्टनंट होते. वय अवघे २२. सुदानच्या सरहद्दीजवळ मेटेम्मा म्हणून गाव आहे. तिथून १९४१ च्या जानेवारीअखेर इटलीची फौज मागे सरली. जाताना तिने रस्ताभर सुरुंग पेरून ठेवले. पाठलाग तर करायचा, पण गाड्या न्यायच्या कशा? भगत सगळ्यांत पुढच्या गाडीत बसले. ती गाडी म्हणजे काही चिलखती किल्ला नव्हता. पट्ट्यावर चालणारी, वरून उघडी, लहानशी गाडी. चार दिवस, उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत ते पुढे, आणि त्यांच्या मागे सगळा ताफा. अंतर ५५ मैल. म्हणजे पुण्याहून नारायणगाव ओलांडून पुढे जावे इतके. एवढ्या वाटेत त्यांनी १५ ठिकाणचे सुरुंगांचे पट्टे शोधून साफ करवले. दोनदा त्यांचीच गाडी सुरुंगावर जाऊन उडाली, सोबतची माणसे पडली. तिसऱ्या वेळी दबा धरून बसलेल्या शत्रूने जवळून गोळ्या घातल्या. स्फोटाने त्यांच्या एका कानाचा पडदा फाटला. वरिष्ठ म्हणाले, आता दुसऱ्याला पाठवतो. भगतांनी नको सांगितले. आता हे काम मला चांगले कळू लागले आहे, तेव्हा शेवटपर्यंत मीच करतो, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे ते पहिले भारतीय अधिकारी. पुढे ते लेफ्टनंट जनरल झाले आणि १९७५ साली वारले.

इथे जरा थांबून सुरुंग शोधायचा कसा ते सांगतो, कारण ते शेतकऱ्याइतके चांगले कोणाला समजणार नाही. यंत्रे असतात, पण ती नेहमी हाताशी असतात असे नाही, आणि नुसत्या यंत्रावर विसंबून चालत नाही. मग उरते ती नजर. आपल्या वावरात रात्री रानडुक्कर फिरून गेले, तर सकाळी बांधावर उभे राहूनच तुम्हाला कळते. उकरलेल्या मातीचा रंग वेगळा, तिची ढेकळे वेगळी, वरचे गवत कोमेजलेले. सॅपरला रस्ता तसाच वाचावा लागतो. इथली माती हलली आहे का? हा दगड कोणी मुद्दाम ठेवला आहे का? संशय आला की गुडघ्यावर बसायचे, संगीन किंवा सळई तिरकी धरून बोटाबोटाने माती चाचपायची. सळई सरळ वरून खुपसली तर कळीवरच दाब येतो. काही लागले की हाताने माती बाजूला सारायची. खुरपणी करताना रोपाच्या मुळाला धक्का लागू नये म्हणून आपण जसा हात हलका ठेवतो, तसाच हा हात. फरक एवढाच, की आपला हात चुकला तर एक रोप जाते.

आता दुसरे. रामा राघोबा राणे. कारवारजवळचे चेंडिया हे त्यांचे गाव. वडील पोलीस शिपाई. त्यांची बदली होईल तशी पोरांची शाळा बदलायची, त्यामुळे शिक्षणाची आबाळच झाली. १० जुलै १९४० रोजी, वयाच्या २२ व्या वर्षी, राणे सॅपर्समध्ये साधे शिपाई म्हणून भरती झाले. ब्रह्मदेशात लढले. तिथे एकदा त्यांच्या तुकडीला मागे राहून सामानसुमानाचा नाश करायला सांगितले होते. काम झाले, पण परत न्यायला येणारी जहाजे त्यांना भेटली नाहीत. तेव्हा जपान्यांची गस्त असलेली नदी लपतछपत ओलांडून त्यांनी आपली माणसे परत आणली. शिपायापासून एकेक पायरी चढत १९४७ च्या डिसेंबरात ते अधिकारी झाले. त्यांची खरी परीक्षा त्यानंतर चारच महिन्यांनी होती.

काश्मीरची पहिली लढाई चालू होती. १९४७ च्या अखेरीस राजौरी शहर शत्रूच्या हाती गेले होते आणि तिथल्या लोकांचे हाल कुत्रा खात नव्हता. १९४८ च्या एप्रिलमध्ये आपल्या फौजेने नौशेऱ्याहून राजौरीकडे जायचे ठरवले. रस्ता डोंगरातला, नागमोडी, एका अंगाला कडा तर दुसऱ्या अंगाला दरी. शत्रूने जागोजाग पाइनची झाडे तोडून आडवी टाकलेली, मोऱ्या उडवलेल्या, मधल्या जागेत सुरुंग, आणि वरच्या टेकड्यांवर मशीनगन रोखून ठेवलेल्या. वाट मोकळी करायचे काम सेकंड लेफ्टनंट राण्यांच्या टोळीकडे.

८ एप्रिल, सकाळी ११ वाजता. टोळी रणगाड्यांजवळ उभी होती, काम सुरू व्हायचे होते. एवढ्यात तोफगोळे येऊन पडले. दोन जण जागीच गेले, पाच जखमी झाले. त्या पाचांत स्वतः राणेही होते. त्यांनी उरलेल्यांना गोळा केले आणि काम सुरू केले. संध्याकाळी पुढची टेकडी हाती आली, पण शत्रू पुरता हटला नव्हता. तरी राणे टोळी घेऊन पुढे गेले आणि रणगाड्यांसाठी वळणवाट खोदू लागले. रात्री १० पर्यंत खोदत होते.

९ तारखेला सकाळी ६ ला पुन्हा सुरू. दुपारी ३ वाजता वळणवाट झाली. मग राणे सगळ्यांत पुढच्या गाडीत बसून निघाले. अर्धा मैल गेले, झाडे आडवी. उतरले, सुरुंगाने उडवली, निघाले. पुढे तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. त्यापुढे मोरीच उडवलेली. तिथे बाजूने वाट काढली. वरून गोळ्या चालूच होत्या. राण्यांची एक गोष्ट आवर्जून सांगितली जाते. ते पुढच्या रणगाड्याच्या पोटाखाली शिरून त्याच्या बरोबर सरपटत जात, आणि आतल्या ड्रायव्हरला खूण कळावी म्हणून दोर बांधलेले असत. एक ओढला की थांब, दुसरा ओढला की चल. गाडी हाकणाऱ्याचा आणि वाट करणाऱ्याचा एकमेकांवर किती भरवसा असावा लागतो ते बघा. दोर ओढायला उशीर झाला तर सुरुंग, आणि ड्रायव्हरने ऐकायला उशीर केला तर तो रणगाडाच अंगावर.

त्या संध्याकाळी अंधार पडता पडता पाच मोठी झाडे आडवी आली, भोवती सुरुंग, दोन्ही अंगांनी मशीनगन. राणे तेही काढायला बसले होते, पण वरिष्ठांनी ताफा थांबवला. १० एप्रिलला पहाटे पावणेपाचला राणे पुन्हा त्या झाडांपाशी. साडेसहाला ती जागा मोकळी झाली. पुढचे हजार यार्ड म्हणजे अडथळ्यांची रांगच होती. ती साडेदहाला संपली.

आणि आता मंडळी, नीट लक्ष द्या. कारण आक्कांच्या मुलाची गोष्ट इथे येते.

तिथून पुढे रणगाड्यांना रस्त्याची गरज उरली नाही. ते रस्ता सोडून तवी नदीच्या पात्रात उतरले आणि पात्रातूनच पुढे गेले. दुपारी २ वाजता चिंगस गावाला पोचलेसुद्धा. चौघांनी म्हटले असते, झाले काम. तिसरा दिवस, अंगावर जखम, पोटात अन्न नाही. आता बसावे सावलीला. पण राणे बसले नाहीत. ते रस्त्यावरच राहिले आणि सुरुंग काढत राहिले. का? कारण मागून सामानाचा ताफा यायचा होता. रणगाडा दगडगोट्यांतून जाईल, पण दारूगोळा, डिझेल-पेट्रोल, पीठ, औषधे भरलेली चाकाची गाडी नदीच्या पात्रातून जाणार नाही. तिला रस्ताच लागतो. आणि ती पोचली नाही तर पुढे गेलेले रणगाडे म्हणजे लोखंडाच्या पेट्या. त्या दिवशी राण्यांनी रात्री ९ पर्यंत अन्न-विश्रांतीवाचून काम केले. ११ तारखेला सकाळी ६ ला पुन्हा लागले आणि ११ वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता गाड्यांसाठी मोकळा केला. त्यानंतर त्याही रात्री १० पर्यंत पुढचा रस्ता साफ करत होते. १२ एप्रिलला आपली फौज राजौरीत शिरली. जीव मुठीत धरून राहिलेल्या किती तरी निर्वासितांची सुटका झाली.

राण्यांना परमवीर चक्र मिळाले. ते हयातीत मिळालेल्या पहिल्या वीरांपैकी ते एक. त्यांच्या मानपत्रात या चार दिवसांचा तासातासाचा हिशेब आहे, आणि सामानाच्या ताफ्यासाठी ते मागे राहून रस्ता साफ करत राहिले याचीही त्यात नोंद आहे. म्हणजे ज्यांनी मान दिला त्यांनी पोती वाहणाऱ्या गाड्यांना कमी लेखले नव्हते.

राणे १९६८ साली मेजर म्हणून निवृत्त झाले आणि जुलै १९९४ मध्ये पुण्यातच वारले. म्हणजे मी कॉलेजात सायकल दामटत होतो तेव्हा हा माणूस हयात होता. मला तेव्हा त्यांचे नावही ठाऊक नव्हते, हे लिहिताना लाज वाटते. २०२३ च्या जानेवारीत अंदमानातल्या एका बेटाला त्यांचे नाव दिले गेले. ते वाचून मी त्यांची हकीकत शोधून वाचली.

आता कोणी म्हणेल, साहेब, हे सगळे सॅपर लोकांचे झाले, ड्रायव्हरचे काय? सांगतो.

लष्करी गाड्यांचा ताफा, ज्याला आपली फौजी मुले कॉन्व्हॉय म्हणतात, तो काही उसाच्या गाड्यांसारखा जमेल तसा निघत नाही. धोक्याच्या मुलखात सकाळी आधी एक तुकडी रस्ता तपासते. पायी चालत, दोन्ही कडेची माती बघत, प्रत्येक मोरीत वाकून बघत. तिने हिरवा कंदील दाखवला की गाड्या सुटतात. पुढे ताफ्याचा प्रमुख, शेवटी दुरुस्तीची गाडी. दोन गाड्यांत ठरलेले अंतर सोडायचे, म्हणजे एकीवर संकट आले तर दुसरी त्यात सापडत नाही. पुढची गाडी बंद पडली तरी वाटेल तिथे कडेला घालायची नाही, कारण कडेच्या मातीत काय आहे कोणास ठाऊक. पुढच्याच्या चाकोरीवर आपले चाक ठेवायचे.

पुणे-नगर रस्त्याला लष्कराचा ट्रक पुढे असला तर मागून एकदा त्याच्या पोटाखाली बघा. मागच्या कण्याच्या मध्यावर जो लोखंडी गोळा असतो त्याला पांढरा रंग दिलेला दिसेल. रात्री दिवे लावायची बंदी असते तेव्हा त्या पांढऱ्या गोळ्यावर एक मिणमिणता दिवा असतो. मागच्या ड्रायव्हरला तेवढेच दिसते. तो ठिपका डावीकडे सरकला की आपणही डावीकडे. एका बाजूला हजार-दोन हजार फूट दरी, काच थंडीने गोठलेली, मागे दहा टन माल, आणि नजर त्या ठिपक्यावर. आषाढाच्या काळोखात बैलाच्या भरवशावर आपण घाट उतरलो असू, पण तेव्हा डोंगरावरून आपल्यावर कोणी तोफ रोखलेली नव्हती.

१९९९ चे कारगिल तर तुमच्या आमच्या डोळ्यांसमोरचे आहे. श्रीनगरहून लेहला जाणारा रस्ता साडेअकरा हजार फुटांवरची झोजी खिंड ओलांडून द्रास गावाजवळून जातो. शत्रू वरच्या शिखरांवर येऊन बसला होता आणि तिथून हा रस्ता त्याला आपल्या अंगणासारखा दिसत होता. वर तोलोलिंग, टायगर हिल अशी शिखरे जवान चढून घेत होते, त्यांची नावे आपल्याला पाठ आहेत. पण त्यांच्या खांद्यावरचा दारूगोळा, तोफांचे गोळे, पाठीवरच्या पिशवीतल्या पुऱ्या, या सगळ्या गोष्टी तिथे कशा गेल्या? रात्री दिवे मालवून त्या रस्त्याने गाड्या जात होत्या. गोळे पडत होते आणि गाड्या जात होत्या. त्या हाकणारी मुले कोणाची होती? आपल्यासारख्यांच्याच घरची.

पुण्याच्या लष्कर भागात कृत्रिम हात-पाय बसवण्याचे सैन्याचे केंद्र आहे. ते १९४४ सालापासूनचे. खडकीलाच, पाठीच्या कण्याला मार लागून कमरेखाली अधू झालेल्या जवानांसाठी १९७४ पासून एक पुनर्वसन केंद्र आहे. सुरुंगावर पाय पडलेला माणूस कोण आहे, बंदूकवाला की स्टिअरिंगवाला, हे सुरुंग विचारत नाही. तेव्हा "लढाईत नाही हो, गाडीवर आहे" असे पुन्हा म्हणू नका. गाडीवर आहे म्हणजेच लढाईत आहे.

माझ्या खात्यातल्या तीस वर्षांत एक गोष्ट मी शिकलो. पेरणीत पाभरीचे पहिले तास सरळ गेले की बाकीची तासे आपोआप त्याच्या अंगाने जातात. नवे वाण गावात आणायचे तर पहिला एक जण निघावा लागतो. तो नुकसान सोसायची तयारी ठेवतो, बाकीचे बांधावरून बघतात. पीक साधले की सगळा गाव त्याच्या मागे येतो, आणि पहिल्याचे नाव पुढे कोणाच्या ध्यानात राहत नाही. पुढे जाणाऱ्याचे आणि मागून वाहून आणणाऱ्याचे असेच असते. गावाला मधला दिसतो. पण तास धरणारा नसेल तर पेरणी होत नाही, आणि खळ्यावरून पोती घरी आणणारा नसेल तर पिकवलेले खाता येत नाही.

आता शेवटचे, आणि माझ्या मते सगळ्यांत गरजेचे. नुसता मान देऊन आक्कांची पट्टी नांगरून होत नाही.

आपल्याकडे जुनी रीत होती, इर्जिकीची. एखाद्याच्या घरी अडचण असली, गडीमाणूस आजारी असला, तर गावातली दहा-बारा औते एका दिवशी त्याच्या रानात उतरायची. संध्याकाळी रान काळे होऊन जायचे. मोबदला म्हणजे एक वेळचे जेवण. बैल गेले, ट्रॅक्टर आले, आणि ही रीत मागे पडली. ट्रॅक्टर आला म्हणून शेजारधर्म मोडायचे काय कारण? ज्या घरचा मुलगा सैन्यात आहे त्या घरचा नंबर ट्रॅक्टरवाल्याने शेवटी नव्हे, आधी धरावा. मृगाचा पाऊस झाला आणि वाफसा आला की सगळे आपापल्या रानात पळतात. त्या दिवसांत एकट्या बाईने कोणाच्या दारात उभे राहायचे? तेव्हा मृगाच्या आधीच चार घरांनी बसून ठरवून टाका, अमक्याची पेरणी कोण करून देणार. मुलाच्या पेन्शनीची, सवलतींची किंवा घरातल्या दुसऱ्या मुलांच्या शिक्षणाची काही अडचण असेल, तर जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. ते कार्यालय त्यासाठीच आहे. पत्ता माहीत नसेल तर गावातल्या माजी सैनिकाला विचारा, तो सोबत येईल.

हा मजकूर लिहायला घेण्यापूर्वी मी त्या गावी पुन्हा जाऊन आलो. बैठकीत बोलून गेलेले ते गृहस्थ भेटले. त्यांना मी राण्यांचे ते चार दिवस सांगितले, आज तुम्हाला सांगितले तसेच. त्यांनी ऐकून घेतले, तंबाखू झटकली आणि म्हणाले, "साहेब, बोलून गेलो खरा. गुरुवारी माझा ट्रॅक्टरचा नंबर आहे. तो आक्काला देतो. माझं चार दिवसांनी झालं तरी चालंल."

मग आक्कांच्या घरी गेलो. त्यांनी चहा टाकला. मुलाचा फोटो भिंतीवर होता, गणवेशातला, हिरव्या ट्रकच्या दाराला टेकून उभा. मी विचारले, "फोनवर काय बोलतो?" त्या म्हणाल्या, "काही नाही हो साहेब. जेवलो म्हणतो. आणि रान नांगरलं का, ते विचारतो."

येत्या गुरुवारी त्यांना हो म्हणता येईल.

तुमच्याही गावात असा एखादा नंबर मागे पडला असेल, तर तो पुढे घ्या. पुढच्या आठवड्यात नक्की हुमणी. तोवर जमीन खोल नांगरून उन्हात चांगली तापू द्या, अळ्या वर आल्या की बगळे-कावळे त्यांचे काम करतील.

रामराम.